गावच्या तळ्यात सांडपाणी मुरते आहे का? प्राणिप्लवकांवरून ओळखण्याची रीत

हिरव्यागार झालेल्या तळ्याचे पाणी बाटलीत भरून फॉस्फेटची साधी चाचणी केली, तर पुष्कळदा उत्तर येते: जवळजवळ काहीच नाही. चाचणी चुकलेली नसते. गटारातून, सोकपिटातून (शौचालयाच्या शोषखड्ड्यातून), शेतातून आलेले फॉस्फेट शैवालाने केव्हाच शोषून घेतलेले असते. विरघळलेल्या रूपात बाटलीत यावे असे फारसे उरलेलेच नसते. मग अहवालात तळे स्वच्छ ठरते आणि काठावर मात्र नाक धरून उभे राहावे लागते.

अशा वेळी प्राणिप्लवक उपयोगी पडतात. पाण्यात तरंगत जगणारे हे सूक्ष्म प्राणी, म्हणजे मुख्यतः रोटिफर, पाणपिसवा आणि कोपेपोड (शेवटचे दोन कोळंबीचे चिमुकले नातलग). त्यांचे आयुष्य काही दिवसांपासून काही आठवड्यांचे. त्यामुळे आपण बादली बुडवतो त्या एका क्षणाचे नव्हे, तर मागच्या काही आठवड्यांचे पाणी त्यांच्या संख्येत आणि जातींच्या मिश्रणात उतरलेले असते. करमळी, मये, कुडतरी, कुडचड्याचे नंदा तळे, अशी लहानमोठी तळी गोव्यात गावोगाव आहेत, आणि हे काम शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावरही करता येते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एका नमुन्यावरून तळ्याचा निकाल देऊ नका. प्राणिप्लवकांचा अर्थ तुलनेतून लागतो: तळ्याच्या एका कोपऱ्याची दुसऱ्या कोपऱ्याशी, या ऑक्टोबरची पुढच्या ऑक्टोबरशी. खालची सगळी खटपट ही तुलना भरवशाची व्हावी यासाठी आहे.

पोषकद्रव्ये वाढली की पाण्यात काय घडते

शैवालाला वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरसची टंचाईच वाढीला आवर घालते. कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्या दोन्हींच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरस मिळालेला भाग नीलहरित शैवालाने भरून गेला, दुसरा तसाच राहिला. घरच्या साबणचुऱ्यापासून शौचालयाच्या टाकीपर्यंत जिथे जिथे फॉस्फरस आहे, तिथून तळ्यापर्यंतची वाट शोधायची ती यासाठी.

पोषण थोडेसेच वाढले तर प्राणिप्लवकांची चंगळ होते. शैवाल वाढते, ते खाणारे सगळेच वाढतात. या टप्प्यावर संख्या वाढली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गडबड सुरू होते ती पुढे, शैवालाची जातच बदलते तेव्हा. मायक्रोसिस्टिससारखे नीलहरित शैवाल चिकट पुंजके करून वाढते. मोठ्या पाणपिसवा पाणी गाळून खातात. हे पुंजके त्यांच्या तोंडात मावत नाहीत आणि गाळण्याचे अवयव तुंबवतात. त्यातून पोट भरले तरी पोषण होत नाही, कारण वाढीला आणि अंड्यांना लागणारी आवश्यक मेदाम्ले आणि स्टेरॉल नीलहरित शैवालात फारच कमी असतात. काही वाण विषही तयार करतात. मोठ्या पिसवा कमी होतात, आणि एरवी शैवालाला सर्वांत जास्त चरणाऱ्या त्याच असल्यामुळे त्यांच्या जाण्याने शैवाल आणखी मोकाट सुटते.

लहान प्राण्यांचे गणित वेगळे असते. शैवाल मरून कुजते, त्यावर जिवाणू माजतात, आणि जिवाणू व कुजकट कण खाऊन जगणाऱ्या रोटिफरांना तो काळ मानवतो. रोटिफरांची पिढी दोनचार दिवसांत तयार होते, तेव्हा संधी मिळताच ते झपाट्याने वाढतात. कोपेपोडांमध्ये कॅलॅनॉइड गट खाण्याच्या बाबतीत चोखंदळ. तो मागे पडतो. सायक्लोपॉइड गट शैवाल, रोटिफर, दुसऱ्यांची पिल्ले, जे मिळेल ते खातो, तो टिकतो. शिवाय रात्री शैवाल स्वतःच प्राणवायू वापरते, त्यामुळे दाट हिरव्या तळ्यात पहाटे प्राणवायू अगदी खाली येतो. मॉयना नावाची पिसू अशा वेळी अंगात हिमोग्लोबिन वाढवून तग धरते आणि लालसर दिसू लागते. बाकीच्या अनेक जातींना ते जमत नाही.

म्हणजे आपल्याला शोधायचे आहे ते हे: एकूण संख्या वाढलेली, अंगाने लहान प्राणी जास्त, जाती थोड्या आणि त्यांतल्या एकदोन जातींचाच भरणा.

पहिली पायरी: जागा आणि परवानगी

गोव्यातली बरीच तळी कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामुदायिक जमीनसंस्थेच्या, मालकीची आहेत, काही पंचायतीच्या किंवा सरकारी खात्यांच्या ताब्यात. लेखी कळवून काम सुरू करा. नंदा तळे २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, गोव्यातले पहिले. तिथे आणि पक्ष्यांच्या इतर जागी वन खात्याला विचारल्याशिवाय जाळे पाण्यात घालू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे हवेतच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. आसपासच्या पाण्यात त्या येतात का, हे तिथल्या मासे पकडणाऱ्यांना विचारून घ्या. विद्यार्थ्यांना होडीत बसवायचे तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे.

नमुन्यासाठी निदान तीन ठिकाणे ठरवा. एक, जिथे ओहोळ, गटार किंवा वाड्यावरचे (वस्तीवरचे) पाणी तळ्यात येते. दोन, तळ्याचा मोकळा मध्यभाग. तीन, पाणी बाहेर जाते ती मानशीची (पाणी अडवायच्या-सोडायच्या दाराची) बाजू. जमल्यास चौथे ठिकाण शेवाळ-कमळांच्या दाटीत घ्या, पण त्याचे आकडे वेगळे ठेवा, कारण तिथले प्राणीच वेगळे असतात. मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपा आणि काठावरच्या न हलणाऱ्या खुणेचा, माड किंवा देवळी अशा कशाचाही, फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्याच मुलांना नेमक्या त्याच जागी उभे राहायचे आहे.

तळ्याभोवती एकदा पायी फिरा आणि नकाशा काढा. घरांचे सोकपिट कुठे, गुरे कुठे बसतात, कपडे कुठे धुतात, वायंगण (हिवाळी भात) शेतीचे खत मारलेले पाणी कुठून वाहते, हॉटेलचा पाइप कुठे सुटतो. आपल्याकडे जांभ्याच्या दगडातून पाणी सहज झिरपते, त्यामुळे तळ्यापासून दूर असलेला सोकपिटही उताराच्या दिशेने तळ्याला पोचू शकतो. गटार दिसत नाही म्हणून सांडपाणी येत नाही असे धरून चालू नये.

दुसरी पायरी: वेळ

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये. पहिल्या जोरदार सरी वर्षभराची घाण धुऊन तळ्यात आणतात, आणि त्यानंतरचा पाऊस तळे इतके धुऊन काढतो की प्राणिप्लवक पाण्याबरोबर वाहून जातात. जुलैमधला विरळ नमुना तळे स्वच्छ असल्याची खूण नव्हे. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळे स्थिरावते, तेव्हा आत आलेल्या पोषकद्रव्यांचा परिणाम दिसू लागतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उथळ, उष्ण आणि दाट होते. स्वच्छ तळ्यातही तेव्हा संख्या चढते.

म्हणून वर्षातून निदान तीनदा नमुने घ्या: ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, जानेवारी, आणि एप्रिलअखेर. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठवडाभराने एक जास्तीचा घेतलात तर उत्तमच. तुलना नेहमी ऑक्टोबरची ऑक्टोबरशी, एप्रिलची एप्रिलशी.

दिवसाची वेळही तीच ठेवा. प्राणिप्लवक उन्हात खाली जातात, अंधारात वर येतात. सकाळी आठ ते नऊ ही वेळ सोयीची आहे.

तिसरी पायरी: सामान

जाळी हा एकच खर्चाचा भाग, आणि त्यात काटकसर करू नये. ५० ते ६० मायक्रॉन छिद्रांचे नायलॉनचे बोल्टिंग कापड मागवा. यापेक्षा मोठी छिद्रे असली की रोटिफर निसटतात, आणि रोटिफर निसटले तर सगळा अभ्यास उलटा पडतो, कारण अतिपोषणात, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्ये बेसुमार झाली की, वाढतात तेच. मच्छरदाणीच्या छिद्रातून जवळजवळ सगळेच पार होते. साडीच्या घड्यांमध्ये प्राणी अडकतात, पण धुऊन पुरते निघत नाहीत, म्हणून मोजणीला ती चालत नाही. कापडाचा शंकू शिवून वर पीव्हीसी पाइपचे कडे आणि टोकाला फिरकीच्या झाकणाची छोटी बाटली बसवा.

याशिवाय दहा लिटरची बादली, झाकणाच्या बाटल्या, ९५ टक्के अल्कोहोल, पेन्सिल, तापमापी, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि सेक्की तबकडी. ही तबकडी घरी होते: २० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा, त्याचे चार भाग करून आलटूनपालटून काळा-पांढरा रंग, मधून दोरी, खाली वजन. दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. तेव्हापासून मोजण्याची रीत फारशी बदललेली नाही.

चौथी पायरी: नमुना

चिखल ढवळला जाणार नाही अशा बेताने उभे राहा. आधी सावलीच्या बाजूने तबकडी सोडा. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. तापमान, टीडीएस, पाण्याचा रंग, आदल्या तीन दिवसांतला पाऊस, पाण्यावरची पाखरे, सगळे त्याच जागी वहीत उतरवा.

आता पृष्ठभागाखाली हातभर अंतरावरून बादली भरा आणि जाळीतून गाळा. अशा पाच बादल्या, म्हणजे ५० लिटर. जाळीला चिकटलेले प्राणी खाली बाटलीत उतरावेत म्हणून जाळी बाहेरून पाणी मारून धुवा. आतून तळ्याचे पाणी ओतलेत तर न मोजलेले नवे प्राणी आत येतील. पाणी फार हिरवे असेल तर जाळी तुंबते आणि वरून सांडते. तेव्हा २० लिटरवर थांबा, पण तो आकडा लिहा. किती पाणी गाळले हे ज्या बाटलीवर नाही ती मोजणीसाठी निकामी.

प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या करा. एक जिवंत, त्याच दिवशी पाहायला. दुसरी टिकवायला: गाळून २५ मिलिलिटर उरलेल्या नमुन्यात ७५ मिलिलिटर अल्कोहोल घाला, म्हणजे शेवटचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. प्रयोगशाळांत चार-पाच टक्के फॉर्मॅलिन वापरण्याची रीत आहे आणि त्यात आकार चांगले राहतात. पण फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, शाळेच्या वर्गात ते नकोच. बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. अल्कोहोलमध्ये पेनची शाई पुसली जाते.

पाचवी पायरी: ओळख

जिवंत नमुना आधी पाहा, कारण रोटिफर डोक्यावरची केसाळ चक्रे फिरवताना जितके पटकन ओळखू येतात तितके मेल्यावर येत नाहीत. अल्कोहोलमध्ये त्यांच्यातले मऊ अंगाचे अगदी गोळा होऊन जातात. फार पळत असतील तर थेंबभर साधे सोडावॉटर घाला. ते गुंगतात आणि अंग पसरलेले राहते. दहाचे आयपीस आणि चार व दहाचे ऑब्जेक्टिव्ह, एवढा सूक्ष्मदर्शक पुरतो.

जातीपर्यंत पोचण्याची सुरुवातीला घाई नको. गट आणि वंश ओळखता आले तरी प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

रोटिफर बहुधा एक ते तीन दशांश मिलिमीटरचे. ब्रॅकिओनस हा सर्वांत आधी ओळखायला शिका: सुरईसारखे कवच, पुढच्या काठावर काटे, मागे वळ्यावळ्यांचा लांब पाय. केराटेलाच्या कवचावर तुकड्यांची नक्षी असते आणि पाय नसतो. फिलिनियाला तीन लांब केस, दोन पुढे आणि एक मागे. ट्रायकोसर्का वाकड्या नळीसारखा, मागे लांब सुईसारखे बोट. अ‍ॅस्प्लँक्ना म्हणजे पारदर्शक पिशवी, आणि तिच्या पोटात गिळलेले दुसरे रोटिफर दिसतात. लेकेन चपटा, मुख्यतः वनस्पतींच्या आसऱ्याने राहणारा. मोकळ्या पाण्यात तो वारंवार आला तर नमुना झाडांच्या फार जवळून घेतला गेला असावा.

ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसच्या काट्यांची लांबी पाहून वेगळ्या जाती करू नका. पाण्यात अ‍ॅस्प्लँक्ना असली की तिने सोडलेल्या रसायनाच्या चाहुलीने मादीच्या पोटची पिल्ले लांब मागचे काटे घेऊन जन्मतात, म्हणजे ती गिळता येऊ नयेत. एका तळ्यात, एकाच महिन्यात आखूड आणि लांब काट्यांचे दोन्ही प्रकार सापडू शकतात. मुलांना हे प्रत्यक्ष दाखवण्याइतके सुंदर दुसरे काही या कामात नाही.

पाणपिसवांत डायफनोसोमा, सेरिओडॅफ्निया, मॉयना, आणि झाडांत राहणारे गोलसर कायडोरिड. परदेशी पुस्तकांच्या पानोपानी दिसणारी मोठी डॅफ्निया आपल्या उष्ण, माशांनी भरलेल्या तळ्यांत क्वचितच भेटते. ती मिळाली नाही म्हणून तळे प्रदूषित ठरत नाही.

कोपेपोडांत दोन गट वेगळे करायचेच आहेत. कॅलॅनॉइडच्या मिशा जवळजवळ अंगाच्या लांबीच्या, मादीला अंड्यांची एकच पिशवी, चाल संथ आणि तरंगती. सायक्लोपॉइडच्या मिशा आखूड, मादीच्या दोन बाजूंना दोन पिशव्या, चाल झटक्यांची. दोघांचीही सहा पायांची पिल्ले, नॉप्लियस, वेगळ्या रकान्यात मोजा.

सहावी पायरी: मोजणी

सेजविक-राफ्टर पेटीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या मोजणीच्या पेटीत, बरोबर एक मिलिलिटर मावतो: ५० मिलिमीटर लांब, २० रुंद, १ खोल. बाटली हलकेच उलटसुलट करून लगेच नमुना घ्या. ड्रॉपरचे टोक कापून रुंद करा, नाहीतर मोठे कोपेपोड त्यात शिरत नाहीत आणि लहानांचेच प्रमाण फुगते. तीन पेट्या मोजा. तिन्ही मिळून दोनशे प्राणी झाले नाहीत तर आणखी भरा.

हिशेब साधा आहे. एका मिलिलिटरमधली सरासरी संख्या गुणिले बाटलीतले एकूण मिलिलिटर, भागिले गाळलेले लिटर. समजा सरासरी ४० प्राणी आले, बाटलीत अल्कोहोलसह १०० मिलिलिटर आहे आणि पाणी ५० लिटर गाळले होते. ४० गुणिले १०० भागिले ५० म्हणजे लिटरला ८० प्राणी. अल्कोहोल घालून आकारमान वाढले आहे हे विसरले की उत्तर चौपट चुकते.

आयपीसमध्ये मोजपट्टी बसवता आली तर प्रत्येक गटातले तीस-तीस प्राणी मोजून सरासरी लांबीही काढा. पुढे हाच आकडा सर्वांत जास्त बोलतो.

सातवी पायरी: अर्थ लावणे

इथे घाई केली की मागचे सगळे श्रम वाया जातात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

पहिल्यांदा तळ्याची तीन ठिकाणे शेजारी ठेवा. सांडपाणी एका बाजूने येत असेल तर आवकेकडे रोटिफरांची टक्केवारी जास्त, ब्रॅकिओनस आणि फिलिनिया पुढे, कॅलॅनॉइड जवळजवळ नाहीत; आणि मानशीकडे जाताना हे चित्र सौम्य होत जाते. असा उतार दिसला तर तो फार मोलाचा पुरावा आहे, कारण तिन्ही ठिकाणी पाऊस, ऊन, मासे साधारण सारखेच होते. फरक मुख्यतः येणाऱ्या पाण्याचा. तिन्ही ठिकाणी सारखेच चित्र असेल तर एकतर पोषण सगळ्या तळ्यात पसरले आहे, किंवा ते तळातल्या गाळातून येते आहे.

मग गुणोत्तरे. कॅलॅनॉइडांची संख्या भागिले सायक्लोपॉइड आणि पाणपिसवा यांची बेरीज, हे गुणोत्तर गॅनन आणि स्टेंबर्गर यांनी १९७८ साली उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांसाठी सुचवले; पोषण वाढते तसे ते घटते. व्लादिमीर स्लादेचेक यांनी १९८३ साली आणखी सोपी खूण सांगितली: ब्रॅकिओनसच्या जाती भागिले ट्रायकोसर्काच्या जाती. एकाहून कमी आले तर पाणी पोषणाने गरीब, एक ते दोन मध्यम, दोनाहून जास्त म्हणजे अतिपोषित. या सीमा थंड प्रदेशातल्या पाण्यावर बेतलेल्या आहेत. आपल्या उष्ण पाण्यात ब्रॅकिओनसच्या जाती मुळातच पुष्कळ, तेव्हा गोव्यातल्या बऱ्या तळ्यातही दोनाचा आकडा ओलांडला जाऊ शकतो. दोनच्या रेषेवर निकाल देण्यापेक्षा हा आकडा दर ऑक्टोबरला वर चढतो आहे का, ते पाहणे शहाणपणाचे.

सेक्की तबकडीचा आकडा कार्लसन यांच्या १९७७ च्या पोषण निर्देशांकात बसवता येतो. दोन मीटर दिसले तर निर्देशांक ५०, एक मीटर म्हणजे ६०, अर्धा मीटर म्हणजे ७०. पन्नासच्या पुढे तळे अतिपोषणाकडे झुकते. मात्र हे पाणी शैवालाने गढूळ झाले आहे असे धरून. आपल्याकडे पावसात तांबडी माती उतरते, डिचोलीसारख्या खाणपट्ट्यात तर जास्तच. पाणी तांबूस असेल तेव्हा हा निर्देशांक वापरूच नका. मातीच्या कणांनीही पाणपिसवांचे गाळण तुंबते, त्यामुळे प्राणिप्लवकांचे चित्रही अतिपोषणासारखे दिसू लागते. रंग वहीत लिहायला सांगितला तो याचसाठी.

फसवणारी कारणे

मासे हे सर्वांत मोठे. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या तळ्यांवर ब्रुक्स आणि डॉडसन यांनी १९६५ साली दाखवले की प्लवक खाणारा मासा आला की मोठे प्राणिप्लवक नाहीसे होतात आणि लहान उरतात. सांडपाण्याचा थेंबही न येता. मासा डोळ्यांनी पाहून मोठा प्राणी आधी टिपतो. तेव्हा तळ्यात टिलापिया सोडले आहेत का, डासांसाठी गप्पी किंवा गंबुसिया सोडले आहेत का, हे आधी विचारा. लहान प्राणी आणि हिरवे पाणी यांच्या जोडीला ब्रॅकिओनस-फिलिनियाची गर्दी असेल तर पोषणावर संशय घ्यायला जागा आहे. प्राणी लहान, पण रोटिफरांचे मिश्रण पूर्वीसारखेच असेल, तर माशांवर.

दुसरे खास आपल्याकडचे: खारे पाणी. खाजनाला (बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीला) लागून असलेल्या तळ्यात मानस गळकी झाली की भरतीचे पाणी आत येते. टीडीएस एकदम चढलेला दिसेल आणि नमुन्यात ब्रॅकिओनस प्लिकाटिलिस येईल, जो खारट पाण्याचा रहिवासी आहे. वंशाचे नाव तेच असल्यामुळे याला सांडपाण्याचा साक्षीदार समजण्याची चूक सहज होते.

तिसरे, तळे रिकामे होणे. शेतीसाठी पाणी सोडले की काही तळी वर्षातून एकदा जवळजवळ कोरडी पडतात. पाणपिसवा आणि रोटिफर जाड कवचाची विश्रांती घेणारी अंडी चिखलात सोडतात, कोपेपोडांतलेही काही तशीच सोय करतात. पाणी भरले की त्यांतून नवी वस्ती उभी राहते. भरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रोटिफरच पुढे असतात, कारण तेच लवकर वाढतात. तळे कधी भरले ही तारीख कळल्याशिवाय तो नमुना वाचता येत नाही.

हिवाळ्यात उतरणारी हजारो बदके आपल्या विष्ठेतून पोषकद्रव्ये टाकतात, हेही ध्यानात ठेवावे. आणि जलपर्णीने पाणी झाकून टाकलेले असेल तर खाली उजेडच नसतो. पोषण भरपूर असून पाणी हिरवे दिसत नाही आणि प्राणिप्लवकही विरळ असतात. जलपर्णी स्वतःच पोषणाची खूण आहे.

आठवी पायरी: पुढे न्यायचे ते काय

संशय दृढ झाला की एकाच गोष्टीवर पैसे खर्च करा: प्रयोगशाळेकडून एकूण फॉस्फरस मोजून घ्या. नुसते विरघळलेले फॉस्फेट नको. शैवालाच्या पोटात गेलेलेही मोजले जाईल असा एकूण आकडा हवा. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८२ मध्ये ठरलेल्या सीमांनुसार लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत गरीब पाणी, १० ते ३५ मध्यम, ३५ ते १०० अतिपोषित आणि त्यापुढे अत्यंत अतिपोषित. एकूण फॉस्फरस, सेक्कीची खोली आणि प्राणिप्लवकांचे मिश्रण, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तुमची बाजू पक्की आहे.

ग्रामसभेत सूत्रे मांडू नका. तळ्याचा नकाशा, त्यावर तीन ठिकाणी तीन स्तंभ, आणि ब्रॅकिओनसचा एक मोठा फोटो, एवढे पुरते. कुठला ओहोळ वळवायला हवा, कुठल्या घरांचे सोकपिट तपासायला हवेत, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे. घरमालकांची नावे घेऊ नका. वाडा म्हणा, उतार म्हणा. माणसे चिडली की तळे बाजूला राहते. तळे पाणथळ म्हणून अधिसूचित असेल तर प्रक्रिया न केलेले सांडपाणी त्यात सोडण्याला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. अर्ज गोवा राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे करा आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या.

गावाने सांडपाणी वळवले तरी पुढच्याच वर्षी निकालाची अपेक्षा धरू नका. वर्षानुवर्षे गाळात बसलेला फॉस्फरस, तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात येत राहतो. अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरातून सांडपाणी वळवण्याचे काम १९६८ साली पुरे झाले, पाणी पुढच्या काही वर्षांत निवळू लागले, पण डॅफ्नियाची वस्ती तिथे जोमाने उभी राहिली ती १९७६ मध्ये. ती आली आणि पाणी आणखी स्वच्छ झाले. ते सरोवर आपल्या तळ्यांच्या कितीतरी पट खोल आहे. उथळ तळ्यात गाळ पाण्याच्या अगदी जवळ असतो आणि वाऱ्यानेही ढवळला जातो, म्हणून इथे धीर जास्तच लागेल. सांडपाणी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरपासून त्याच तीन जागी, त्याच जाळीने, सकाळी त्याच वेळी नमुने घेणे चालू ठेवा. सर्वांत आधी कॅलॅनॉइडांचा रकाना पाहत जा. आणि जुन्या बाटल्या फेकू नका: दर सहा महिन्यांनी अल्कोहोलची पातळी तपासून भर घाला, म्हणजे पुढे कुणाला एखाद्या जातीबद्दल शंका आली तर मूळ नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येईल.